स्वयंपाकघरातला सेट

बाबा,

२६ जून. सकाळी अलिबागला जाऊन काढलेले नकाशे ऑफिसात देऊन आले. दुपारी मागच्या दारी पडलेल्या माडाच्या झावळ्या ओढून एका बाजूला लावल्या. संध्याकाळी बंदरावर गेले होते, परतायला थोडा उशीर झाला. जेवणं झाली, आई आत पडली आहे. वादळात गेलेली लाईट येऊन आता आठवडा होत आला. तुम्हाला सांगायचं आहे ते तुमच्या बॅटरीबद्दल.

तुमच्यामागे होडी विकली, पण घरचा वायरलेस सेट विकला नाही. तो अजून स्वयंपाकघरात चुलीच्या वरच्या फळीवरच आहे. खाडीच्या तोंडाशी आलात की तुम्ही त्याच्यावर बोलायचा नाहीत. बोललं की मासळी किती आणि कुठून आणली ते सगळ्या बंदराला कळणार, म्हणून तुम्ही होडीवरून नुसतं बटण दोनदा दाबायचात. इथे फळीवर टक, टक वाजायचं. आई उठून भात टाकायची. तुम्ही पाय धुऊन आत येईपर्यंत भात उतरलेला असायचा. मी दारात बसून अभ्यास करत असायचे, आणि मला वाटायचं की सगळ्यांच्याच घरी असं असतं. ही खूण आपल्या तिघांनाच ठाऊक होती, हे मला फार नंतर कळलं.

शेवटच्या फेरीत तुमच्या छातीत दुखायला लागलं, त्या दिवशी आईने घरची बॅटरी चार्जिंगला बंदरावर दिली होती. सेट बंद होता. तुमच्या होडीवरचे एक खलाशी, जे तुम्हाला तांडेल म्हणायचे आणि ज्यांना मी काका म्हणते, ते नंतर अंगणात बसून म्हणाले, "तांडेल पार खाडीपर्यंत बटण दाबत होते. बोलले न्हाय काय. नुसते दाबत होते." आई तेव्हा तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही. पण तुमचे दिवस झाल्यावर तिने काकांकडून चार्जर मागवला, बॅटरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कायमची ठेवली आणि सेट सुरू केला. तो इतक्या वर्षांत एकदाही बंद झालेला नाही. त्यातून इतर होड्यांची बोलणी येतात, भांडणं येतात, कधी नुसती खरखर येते. आई कधी लक्ष देऊन ऐकत नाही, पण सेट चालू असल्याशिवाय तिला झोप येत नाही.

या वादळात विजेचे खांब आडवे झाले. मी घरी बसून लॅपटॉपवर किहीमकडच्या बंगल्यांचे नकाशे काढते, ते वेळेवर गेले नाहीत तर काम दुसऱ्याकडे जातं. लॅपटॉप बंद पडला तेव्हा घरात चालू असलेली एकच गोष्ट होती, तुमची बॅटरी. गाडीत लावतात तसला छोटा इन्व्हर्टर काकांच्या टेम्पोत होता, तो मी मागून आणला. आई बॅटरीसमोर पाट टाकून बसलेली. तिने विचारलं, "तुझ्या त्या डब्याला किती लागतं?" मी म्हटलं, सेटपेक्षा पुष्कळ जास्त, एका दिवसात बॅटरी उतरेल. तिने बॅटरीवरची धूळ पदराने पुसली. मग म्हणाली, "घे. पण हा सेट बंद पडला ना बाय, तर तुझा डबा मी खाडीत टाकीन."

मार्ग काकांनीच काढला. मासेमारीची बंदी सुरू झालेली, होड्या वर ओढलेल्या, त्यामुळे त्यांच्या आताच्या होडीची बॅटरी मोकळी होती. ती हातगाडीवर घालून ते आले आणि दारातूनच म्हणाले, "वहिनी, समईला तेल आणलंय." आई म्हणाली, "बोलू नको, जोड आधी." नवी बॅटरी जोडल्याशिवाय जुनी काढायची नाही, लालला लाल आणि काळ्याला काळी. आई सेटच्या हिरव्या दिव्याकडे बघत उभी होती. दिवा लवलासुद्धा नाही. मग उतरलेली बॅटरी बर्फाच्या कारखान्यात जनरेटरवर चार्जिंगला गेली. लाईट येईपर्यंत आमचं हेच चाललं, एक घरात आणि एक कारखान्यात.

पहिल्या संध्याकाळी मी इन्व्हर्टरला लॅपटॉप लावला. सेटमधून डास गुणगुणावा तसा आवाज यायला लागला, आणि मग टक, टक. मी आईकडे बघितलं. गाव पूर्ण अंधारात होतं, समुद्रात एकही होडी नव्हती. आई उठली, तांदूळ धुतले, भात टाकला आणि जेवताना तीन ताटं घेतली.

दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर गेली असताना मी लावून बघितलं, काढून बघितलं. स्वस्तातला इन्व्हर्टर सेटमध्ये आवाज सोडतो, आणि लॅपटॉपचा चार्जर पकडताना तो आवाज दोनदा तुटतो, तेच टक, टक. त्यात दुसरं काही नाही. संध्याकाळी मी तिला सांगायला लागले, आई, ते इन्व्हर्टरमुळे वाजतं. ती म्हणाली, "माहीत हाय मला. सरक, भात करपेल."

लाईट आली त्या दिवशी मी इन्व्हर्टर काढून बाजूला ठेवला आणि लॅपटॉप भिंतीला लावला. आईने तांदूळ धुतले आणि पातेलं मांडीजवळ घेऊन बसून राहिली. चूल पेटवली नाही. अंधार झाला तशी न जेवताच उठून आत गेली. सकाळी त्या पातेल्यात तांदूळ फुगून वर आले होते. त्या दिवसापासून दिवेलागणीला मी लॅपटॉप पुन्हा इन्व्हर्टरवरून बॅटरीला लावते. भिंतीतला प्लग माझ्या हाताशीच असतो.

आज मी बंदरावरून यायच्या आधीच घरात भाताचा वास सुटला होता. लॅपटॉप माझ्या पिशवीत होता. इन्व्हर्टर सकाळी ठेवला तिथेच फळीखाली होता, वायर गुंडाळलेली. मी त्याला हात लावून बघितला, गार होता. आईने माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. म्हणाली, "हे आज लवकर आले."

मी पाय धुतले आणि ताटं घेतली.

हा कागद कुठे द्यायचा नाही, म्हणून लिहिते. इन्व्हर्टर मला गरम लागायला हवा होता. तो गरम असता तर आईनेच लावला असं समजून मी आता आत जाऊन झोपले असते. आणि तुमच्या ताटातला भात रोज आई आत गेल्यावर मीच खाते. सकाळी ती रिकामं ताट बघते, तेव्हा मी दुसरीकडे बघते.

आज त्या ताटाला हात लावायला मला थोडा वेळ लागला. मग खाल्ला, गार झाला होता. ताट धुऊन पालथं घातलं. बॅटरीची बुचं उघडली, एका खणात पाणी खाली गेलं होतं, तेवढं घातलं आणि बुचं परत लावली.