संध्याकाळची बस

मंगळवार, दिवेलागणीनंतर

आजही फाट्यावर जाऊन आले. सहाची बस आली, चार बायका उतरल्या. वैशाली नाही.

वर्षभर ही बस बंद होती. फोन केला की लेक नाशिकहून म्हणायची, नंदुरबारपासून पुढे गाडीच नाही, नाहीतर आले असते. म्हणून तर मी, साधी अंगणवाडीची बाई, फाट्यावर उभी राहून मोबाईलसमोर तावातावाने बोलले. व्हिडिओ जिल्हाभर फिरला, पार मोठ्या साहेबांपर्यंत. महिन्याभरात बस सुरू! गावाने नारळ फोडला. वैशालीनेही व्हिडिओखाली लाल बदाम टाकला.

कंडक्टर आता मला ओळखतो. आज म्हणाला, "मावशी, तुमनीच बस शे ही. बठा ना!" मी नुसती हसले.

परवा फोनवर वैशालीकडे मीच विषय काढला, बस सुरू झाली म्हणून. तर म्हणते, "हा माय, देखं ना. बदाम टाकेल शे मी." पुढे काही नाही. मग कधी येतेस, एवढं विचारायला काय झालं होतं मला? नाही विचारलं.

आत्ता पुन्हा व्हिडिओ उघडून तो बदाम पाहिला. बस बंद होती तोवर निदान लेक येणार होती.