चापावरचं बोट

३ तारीख, सोमवार
आलो एकदाचे! क्वार्टर दोनच खोल्यांचं, पण नळाला दिवसभर पाणी. ही पडदे लावताना चक्क गाणं म्हणत होती. लग्नानंतर पहिल्यांदा सासूच्या नजरेबाहेरचं स्वयंपाकघर मिळालंय तिला. आणि मी पिस्तुलांच्या कारखान्यात तपासनीस! तीन महिने कामात काही खोट निघाली नाही की कायम करतात.

५, बुधवार
काम कळलं. नळ्या पलीकडच्या विभागात होतात, मापं तिथेच तपासतात, मग जादा दाबाची गोळी उडवून बघतात. सगळ्यातून पार पडलेलं रिकामं पिस्तूल शेवटी माझ्या टेबलावर. तोंड वाळूच्या पेटीकडे, सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारा खटका, लावायची, चाप नऊ वेळा जोरात दाबायचा. आत किंचितही सुटल्यासारखं लागलं तर बाद. ते कुठल्या काट्याला कळत नाही, बोटालाच कळतं. पास झालं की माझ्या नंबराचा शिक्का. दिवसाला दोनशे. मला शिकवणाऱ्यांना सगळे मास्तर म्हणतात, बावीस वर्षं याच टेबलावर. सुट्टी झाली की इथले जुने लोक उजव्या हाताला चिकटपट्टी गुंडाळतात, बोटं तळहाताशी दुमडून, आणि मगच गेटबाहेर पडतात. मलाही पट्टी दिली. मी म्हटलं, माझं बोट दुखत नाही. मास्तर म्हणाले, दुखलं असतं तर बरं होतं. म्हाताऱ्यांचे चोचले, दुसरं काय!

११, मंगळवार
तर्जनीचं टोक बधिर. गरम कपानं अंगठा पोळला, तर्जनीला पत्ताच नाही. सांगितलं तर नोकरी गेलीच म्हणायची. तोंडातून ब्र काढला नाही. दोनशेच्या दोनशे पास केली.

१४, शुक्रवार
जेवताना बोट आपोआप वाकायला लागलं. नऊ वेळा वाकतं, थांबतं, परत सुरू. ही म्हणाली, ताटावरही शिक्का मारणार वाटतं! मीही हसलो.

१९, बुधवार
हिच्या पाठीवर हात होता. ती ओरडली तेव्हा कळलं. एकाच जागी बोट रुतून काळंनिळं. मला काही वाटलं नाही. वाटलं नाही, याचंही काही वाटलं नाही. पट्टी बांधली. मास्तर म्हणाले, पहिल्या दिवसापासून बांधायची असते, एकदा त्याला घर माहीत झालं की —

२४, सोमवार
धाकट्या भावाचा फोन. तो पहारेकरी आहे, त्याला नवं पिस्तूल मिळालंय. आमच्याच कारखान्याचं, वर माझा शिक्का. नुसता हरखलाय. सेफ्टी जरा ढिली वाटते म्हणे, रविवारी आणतो, दादा, तूच बघ. क्रमांक विचारला. अकरा तारखेला मी पास केलेल्यांतला.

२७, गुरुवार
येऊ नकोस म्हटलं. वापरू नकोस, साहेबाकडे जमा कर म्हटलं. तर म्हणतो, घरचा वैद्य असताना दवाखाना कशाला? हिनं त्याच्यासाठी धुतलेली चादर काढली. बधिरपणा कोपरापर्यंत गेलाय.

२९, शनिवार
मास्तरांना विचारलं, कापून टाकलं तर? त्यांनी पट्टी सोडून दाखवली. तर्जनी नव्हतीच. मधलं बोट वाकत होतं.
नऊ वेळा.

३०, रविवार
डाव्या हातानं लिहितोय. उजवा मांडीखाली. पट्टी सकाळीच तुटली.
धाकटा आलाय. पिस्तूल टेबलावर. मॅगझीन काढलंय म्हणतो. नळीत एक गोळी राहू शकते — सांगितलं — हसला. सेफ्टी आहे ना, म्हणतो.
ही म्हणते, वही ठेवा आता, भावजी किती वेळ उभे राहणार. ठेवणार नाही. निदान हा हात तरी —
त्यानंच माझा उजवा हात मांडीखालून ओढून काढला. त्यात पिस्तूल दिलं. समोरच उभा आहे.
ओरडलो — बाजूला हो — चेष्टा वाटते त्याला —
हात माझा नाही. एक. दोन. सेफ्टी धरतेय. चार. पाच —
बोटाला लागतंय. इतक्या दिवसांनी — आत काहीतरी किंचित सुट