खर्चाच्या रकान्यातला रविवार

अहो,

आपल्याला लिहून बोलायची सवय कधीच नव्हती. एकाच घरात राहणाऱ्यांना पत्रं कशाला लागतात? पण आज पगाराचा मेसेज आला आणि लक्षात आलं, माझ्या एमबीएला घातलेले पैसे वाढीव पगारातून आज पुरते भरून निघाले. ही बातमी ऐकून उडी मारणारं माणूस एकच होतं. मग सांगू कुणाला?

तुम्ही म्हणाला होतात चार वर्षं. पाच लागली हो!

आठवतंय? केडगावच्या आपल्या गच्चीवर, उन्हं उतरताना, जुन्या कॅलेंडरच्या पानामागे तुम्ही दोन रकाने आखलेत. एकात खर्च, एकात कमाई. मी डेअरीच्या ऑफिसात बिलं करणारी, मला हसूच येत होतं. तुम्ही मात्र अगदी गंभीर.

"पुण्याला जाऊन पूर्णवेळ केलंस तर तुझा दोन वर्षांचा पगार बुडतो. तोही खर्चातच धरायचा."

म्हणून तर नगरमधलं रविवारच्या वर्गांचं कॉलेज ठरलं.

"आणि नंतर पगार वाढलाच नाही तर?" मी विचारलं.

"तर नाही वाढणार. पण मीटिंगमध्ये तू गप्प बसून घरी येऊन मला सगळं सुनावतेस ना, ते तरी थांबेल!"

एक गोष्ट तुम्ही त्या पानावर लिहिलीच नाहीत. फीचे पैसे तुमच्या लेथ मशीनसाठी जमवलेले होते. कंपनीत सुपरवायझर म्हणून दुसऱ्याची मशीनं सांभाळायची आणि एक दिवस स्वतःचं वर्कशॉप काढायचं, हे मला माहीत होतं. पण तुम्ही शेडसुद्धा बघून ठेवली होती, हे तुमच्या मित्राकडून कळलं, तुम्ही गेल्यावर. का नाही सांगितलंत? मी नको म्हणेन म्हणून? म्हणालेच असते!

तुम्ही स्वप्नात येता तेव्हा नेहमी तो वर्गच असतो. शेवटच्या बाकावर तुम्ही, कंपनीचा निळा शर्ट घातलेले. खिडकीतून पिवळं ऊन येतं आणि बाहीवरचा लोखंडाचा कीस चमचम करतो. फळ्यावर काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही, तुम्हाला येतं. तुम्ही मान डोलावता. मी जवळ यायला निघते आणि बाकं लांब लांब जात राहतात.

खरं म्हणजे तुम्ही त्या वर्गात कधी आलाच नाहीत.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीचा तो रविवार. माझं प्रेझेंटेशन होतं. फोन पर्समध्ये, आवाज बंद. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हसत बाहेर आले आणि फोन काढला, तर शेजाऱ्यांचे अकरा कॉल. दवाखान्यात पोचले तेव्हा तुम्ही नव्हतात. छातीत कळ आली आणि अर्ध्या तासात संपलं, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं.

मी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली. तेरावा झाला आणि आदल्या वर्षीच शेवगावहून आपल्याकडे राहायला आलेल्या तुमच्या आईंनी शेजारच्याला माळ्यावर चढवून ती खाली काढली. "परीक्षा दिऊन टाक. त्यानं नाव घातलंय तुझं."

दिली. पदवी मिळूनही आठ महिने मी डेअरीतल्या त्याच खुर्चीवर बिलं करत होते. लोक तोंडावर म्हणायचे, काय उपयोग झाला? मग एमआयडीसीतल्या एका कंपनीत विक्री विभागात लागले. आता मीटिंगमध्ये मी बोलते. खूप बोलते! पण घरी येऊन सुनावायला कोणी नाही.

आणि मनातल्या पानावर मी तो रविवार दर वर्षी खर्चात मांडत आले. कॉलेज नसतं तर मी घरी असते. घरी असते तर तुम्हाला लवकर नेलं असतं. वाचला असतात का? माहीत नाही. पण इतक्या वर्षांत हा प्रश्न मी बाजूला ठेवू शकले नाही. आई त्या दिवसाचं बोलायला लागल्या की मी उठून आत जायची.

आज संध्याकाळी पैसे भरून निघाल्याचं शेवटी आईंनाच सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. माझ्या मांडीवरही जुडी होती, म्हणून असेल, मी उठले नाही.

"त्या दिशी लई खुशीत हुता त्यो," त्या म्हणाल्या. "दाढी केली, इस्तरीचा शर्ट घातला. म्या इचारलं, कुठं निघालास रं? तर म्हनला, कुठं न्हाई. आज हिचं भाषन हाय."

अहो! घरात बसायला इस्त्रीचा शर्ट?

हे मला इतकी वर्षं कोणीतरी सांगू पाहत होतं आणि मी ऐकत नव्हते. त्या दिवसातला तुमचा अर्धा तासच मी जवळ धरून बसले. त्याआधी एक अख्खी सकाळ होती, आणि त्या सकाळी तुम्ही खुशीत होतात.

येत्या रविवारी मी आईंजवळ बसणार आहे. तुम्ही किती वाजता उठलात, चहा दोनदा घेतलात का, काय गुणगुणत होतात, सगळं विचारणार आहे. त्यांना हवा तितका वेळ लागू दे. मध्येच उठून जाणार नाही. शब्द देते.

तुमचीच,
मंजू