मुका दांडा

प्रिय अण्णा,

आज तुमच्याशी भांडायचं आहे, म्हणून लिहायला बसलो. तुम्ही असताना आपलं भांडण कधी पुरं झालंच नाही. माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तुम्ही चपला घालून नदीकाठच्या रानाकडे, आपल्या मळीकडे निघालेले असायचात. आता कुठे जाल?

ट्रॅक्टरची मागची लिफ्ट आज दुपारी चालू झाली. चांगली बातमी आधी सांगून टाकतो, कारण पुढचं बरंचसं तक्रारीचं आहे.

तुम्ही गेल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात नदी आपल्या शेडपर्यंत आली. आधी म्हशी काढल्या, मग आईला, मग धान्याची पोती. ट्रॅक्टरकडे वळलो तेव्हा रस्त्यावर कमरेएवढं पाणी होतं. तो तिथेच अर्धा बुडून उभा, आणि आम्ही कुरुंदवाडात मावशीच्या माडीवर. माझा जीव तिकडेच लागलेला. तुमचाही लागला असेल, नाही का?

पाणी ओसरल्यावर मागचं तेल सोडलं, तर ताकासारखं पांढरं! पोटात पाणी शिरलेलं. मी सगळं खोललं. डिझेलने आतून धुतलं, सीलं बदलली, तेलाची जाळी नवी घातली. कुठला नट कुठला, ते फरशीवर खडूने लिहून ओळीने मांडून ठेवलं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "पंगत बसवलीस व्हय रं नटांची?"

इंजिन सुरू झालं, चाकंही फिरली. पण लिफ्टचा दांडा ओढला, तर औजार उचलणारे मागचे दोन्ही हात जागचे हलेनात. हवा धरली असेल म्हणून पाइपचा नट सैल केला आणि बुडबुडे थांबून तेलाची स्वच्छ धार येईपर्यंत वाट पाहिली. हात खालीच! पुन्हा खोललं, पुन्हा बसवलं. शेवटी पंप काढून इचलकरंजीच्या मिस्त्रीकडे नेला. तो म्हणाला, "पंप झ्याक हाय, पावणं. चूक तुमच्या बसवण्यात हाय."

आता सांगा, मला झोप कशी येणार? मी बसवलेल्या प्रत्येक वायसरवर माझाच संशय. जेवता जेवता उठून शेडमध्ये जायचो, एखादा नट चाचपून यायचो. आई ताटावर ताट पालथं घालून बसून राहायची.

त्यातच तात्या आले. तुमचे भाऊ, आवाज तुमच्यापेक्षा मोठा. आईला म्हणाले, "वैनी, पोरगं ट्रॅक्टर न्हाय, सवताचं डोकं खोलून बसलंय. उसाच्या लावणीचे दिस चाललेत. शनवारपतुर सरी पडली तर बरं, न्हायतर मळी मला वाट्यानं द्या. मी करतो."

मी म्हणालो, "तात्या, तुमचा ट्रॅक्टर एक दिवस द्या की."

"दिला की. आज सरी सोडशील. उद्या माती लावायला? परवा नांगरायला? दरवक्ताला माझ्याच दारात येणार व्हय?"

तात्यांचं चुकलं, असं मला म्हणता येईना. पण एकदा वाट्याने गेलेली मळी परत माझ्या हातात येणार नाही, हे मलाही कळत होतं आणि आईलाही. तरी आई "बरं" म्हणाली. ते "बरं" मला फार लागलं, अण्णा.

आज आई शेडमध्ये चहा घेऊन आली. मी चाकाला टेकून बसलो होतो. तिने ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "सगळं दिसालंय, मग ती तार कुठं गेली रं?"

"कुठली तार?"

"त्यांच्या कोपराला लागायची ती. किती सदऱ्यांच्या उजव्या बाह्या शिवल्या मी! टोक वाकवा म्हणून सांगून तोंड दुखलं, पर ऐकतोय कोण?"

सीटच्या उजवीकडे लिफ्टचा मोठा दांडा, आणि त्याला लागून तो लहान, तारेने वर बांधून ठेवलेला. लहानपणी मी विचारलं होतं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "त्यो मुका हाय. त्याला हात लावायचा न्हाय." मुका म्हणजे निकामी, असं मी समजलो. पुराचा गाळ धुताना ती गंजलेली तार मी कापून फेकली, दांडा चकचकीत पुसला, ग्रीस लावलं. तो अलगद खाली आला, आणि काम नीट झालं म्हणून मला बरंच वाटलं!

मी चहा खाली ठेवला. इंजिन सुरू केलं, लहान दांडा वर करून हाताने धरून ठेवला. "आई, तो मोठा ओढ."

"मी?"

"ओढ की!"

मागचे हात उठले, अण्णा. आधी थरथरत, मग सावकाश, पार वरपर्यंत. "आगं बया!" म्हणून आईने दांडा सोडून दिला. मग पुन्हा धरला, खाली केला, वर केला. तिला सोडवेना.

मुका नव्हता हो तो, त्याचं तोंड बांधलेलं होतं! तो खाली पडला की पंपाचं सगळं तेल आल्या वाटेने परत जातं. मोठा कितीही ओढा. एक वाक्य सांगायचं होतं मला. एकच! का नाही सांगितलंत?

संध्याकाळी मनात आलं, तुम्हालाही माहीत नसेल तर? ज्याच्याकडून ट्रॅक्टर घेतला, त्यानेच तार बांधून "मुका हाय" म्हणून सांगितलं असेल, तर मी भांडू कुणाशी? आणि तेव्हापासून पुन्हा चैन नाही. विहिरीच्या मोटरपेटीत खोचलेला लाकडाचा तुकडा मी परवाच काढून टाकला. गोठ्याच्या कडीत कोंबलेली चिंधीसुद्धा. ती कशासाठी होती?

त्याआधी दुपारीच लहान दांड्याला नवी तार बांधली, टोक आत वळवलं आणि तसाच मळीत गेलो. अंधार पडायच्या आत चार-पाच सऱ्या सोडल्या. तात्या बांधावर येऊन उभे राहिले.

"पैली सरी वाकडी गेली."

आई म्हणाली, "जाऊ दे वाकडी. ऊस वरच येतोय की!"

तात्या हसले. वाट्याचं नाव न काढता घरी गेले.

आता एक वचन देतो. आईला मी ट्रॅक्टर शिकवणार आहे. इतकी वर्षं ती तुमच्या शेजारी मडगार्डवर बसून मळीत गेली-आली, आणि तुम्ही एकदाही तिच्या हातात दांडा दिला नाही. का हो? ती विचारेल ते सांगेन, विचारणार नाही तेही सांगेन. पुढच्या लावणीला पहिली सरी ती सोडेल. मी बांधावर उभा राहीन, आणि ती कितीही वाकडी गेली तरी तोंड उघडणार नाही. हे शेवटचं मला जड जाईल, पण करेन.

तुमचा, भांडण अजून न संपलेला,
अजित