डाव्या हाताच्या ढिल्या बांगड्या

आत्याबाई,

उद्या मी दौंडला चाललेय. शिकायला नाही हो, शिकवायला! सकाळी तालुक्याच्या डॉक्टरसाहेबांचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यात एका शेळीच्या पायाला पट्टी बांधत होते. साहेब म्हणाले, "पशुधन पर्यवेक्षकांचा उजळणी वर्ग लागलाय, गाभण तपासणी तुम्ही शिकवायची." मी "बरं साहेब" म्हणाले, फोन ठेवला आणि राहिलेली पट्टी शेळीच्या दुसऱ्याच पायाला गुंडाळली. शेळीवाले आप्पा म्हणतात, "मॅडम, दुकता पाय त्यो न्हाई, ह्यो हाय." तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. सांगू कुणाला? तुमचा लेक सणसवाडीला कंपनीत दुसऱ्या पाळीवर, तुमचा नातू पुण्यात कॉलेजात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गोड बातमी आली की मान आपोआप चुलीकडं वळते, तुम्ही तिथं बसल्या असाल म्हणून. मग बसले लिहायला.

मला दौंडच्या प्रशिक्षणाचा कागद आला तो दिवस आठवतो का? मी भाकरी थापत होते आणि नातू तुमच्या मांडीवर पसरला होता. तेव्हा निमोण्याच्या दवाखान्यात माझं काम म्हणजे जखमा धुवायच्या, लस टोचायची, मलम द्यायचं. गाय माजावर आली, भरवायची झाली की लोक दुसऱ्या गावाला न्यायचे, उन्हातून चालवत. आता गोठवलेल्या रेताच्या कांड्या आणि त्या ठेवायचं नायट्रोजनचं भांडं आपल्याही दवाखान्याला मिळणार होतं, पण एका अटीवर. मी दौंडला जाऊन शिकायचं, शेवटी परीक्षा द्यायची. पास झाले तर भांडं निमोण्याला, नाही तर दुसऱ्या गावाला, आणि मी जन्मभर मलमपट्टीवर. मी म्हटलं, पोराचं कसं व्हायचं? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पोराला मी हाय की. मेंढरामागं हिंडून चार वाढावली, ह्ये एक काय जड हाय मला?" झालं! तुमच्यापुढं दुसरा शब्द काढायची सोय नव्हती.

पण दौंडला पहिल्याच दिवशी माझी गाडी अडली. वर्गात सगळे बाप्ये, बाई म्हणून मी एकटी. अंगणात लाकडी खोड्यात गाय उभी केलेली. खांद्यापर्यंत हातमोजा चढवायचा, डावा हात मागून आत घालायचा आणि आतड्याच्या आडून गर्भाशय चाचपायचं. शिकवणारे साहेब वयस्कर, बोलायला मऊ. माझ्या हाताकडं बघून म्हणाले, "बाई, डाव्या हातातल्या बांगड्या काढाव्या लागतील. मोजा फाटेल, जनावराला आतून लागेल." कासारानं साबण लावून चढवलेल्या घट्ट बांगड्या, वाढवल्याशिवाय निघणार कशा? आणि नवरा धडधाकट असताना हात मोकळा करायचा? मी म्हटलं, "उद्या काढते, साहेब." दुसऱ्या दिवशीही म्हटलं, उद्या. बाकीचे हात घालून शिकत होते आणि मी आपली बाजूला गाईची शेपूट धरून उभी. शनिवारी चौफुल्याला गाडी बदलून घरी आले ती ठरवूनच, की सोमवारी काही मी जात नाही.

तुम्हाला सांगायची तर मला जास्तच चोरी. तुमचे दोन्ही हात मोकळे. ज्या बाईच्या बांगड्या चार बायकांनी धरून फोडल्या, तिच्यापुढं मी बांगड्यांचं रडगाणं कुठल्या तोंडानं गाणार? पण तुम्ही माझं तोंड बघून खोदून खोदून विचारलंत आणि मी सगळं ओकले. तुमचा लेक जेवत होता, तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे आई, लोक नावं ठेवत्याल." आणि तुम्ही कडाडलात, आत्याबाई! नातू दचकून उठला. "तुज्या बापाला पान लागलं, तवा माज्या हातात कोपरापत्तुर बांगड्या व्हत्या. एक तरी आडवी आली का रं सापाला? आन् ही गाईच्या पोटात हात घालती, तर तुला काय व्हतंय? लोकांचं सांगू नगंस. लोकांच्या गाई गाभण ऱ्हायल्या की लोक गप बसत्यात." तो खाली बघून जेवायला लागला. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि ते तुम्हाला दिसू नये म्हणून मी उगाच तव्यावरची भाकरी उलटत बसले. ती करपली, आणि त्यावरूनही मी तुमचं बोलणं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला घेऊन कासाराच्या दारात जाऊन बसलात. तुम्हाला तिथं बघून दोन बायका सरकून बसल्या. तुमचं लक्षच नाही! माझा डावा हात पुढं ओढलात. "ह्या काढ. एक वाढावलीस तर बग. आन् मोठ्या मापाच्या ढिल्या भर. गाय बगायची तवा काढायच्या, घरी आली की घालायच्या." कासार म्हणाला, "आजी, ढिल्या टिकायच्या न्हाईत वो, फुटत्यात." तुम्ही म्हणालात, "फुटू दे की. तुजाच धंदा वाढंल." तो हसायलाच लागला. त्यानं साबणाच्या पाण्यात माझा पंजा चेपून चेपून एकेक बांगडी सोडवली, डोळ्यांतून पाणी आलं माझ्या, पण एकही फुटली नाही. त्या सांजेला तुम्ही जुन्या घोंगडीचा तुकडा कापून एक थैली शिवून दिलीत, कमरेला खोचायला, नाडीची. दाभणानं शिवलेली, वाकडीतिकडी. पुढच्या माझ्या सगळ्या पिशव्या फाटल्या, ती काही अजून उसवत नाही.

सोमवारी मी खोड्यापुढं उभी राहिले, डाव्या हातातल्या बांगड्या सुळकन काढल्या, थैलीत टाकल्या आणि म्हणाले, "साहेब, द्या मोजा." त्या आठवड्यात किती गाई तपासल्या देव जाणे! आत काही दिसत नाही, सगळं बोटांनी ओळखायचं. आधी नुसता ऊबदार अंधार, आणि मग हळूहळू एकेक जागा कळायला लागते. काय सांगू तुम्हाला, सुट्टीला घरी आले की भाकरी थापतानासुद्धा माझी बोटं पिठात चाचपत असायची. परीक्षेला तीन जनावरं होती, त्यातली दोन बरोबर यायला हवी होती. पहिल्या गाईत हाताला मऊ फुगीर असं लागलं. मी झोकात सांगितलं, "गाभण, तीन महिने!" साहेब म्हणाले, "नीट बघा बाई, ती लघवीची पिशवी आहे." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत गाईनं धार सोडली. माझा कोट, साडी, चपला, सगळं भिजलं. सगळा वर्ग पोट धरून हसत होता आणि मला वाटलं, धरणी फाटावी आणि मी आत जावं.

दुसरी गाय रिकामी होती, ते बरोबर सांगितलं. तिसरी म्हैस. तिचे मालक आबा पांढऱ्या टोपीत शेजारीच उभे. ते सारखं म्हणत होते, "भाकड हाय वो ती, दोन येळा भरिवली, दोन्ही येळा फिरली. उद्याच्या बाजारात काढायचीय, उगा तुमच्या साहेबांनी मागितली म्हणून आणली." चुकले तर भांडं गेलं, हे डोक्यात घणासारखं वाजत होतं. हात आत घातला. खोल, आणखी खोल, काहीच लागेना. घाम डोळ्यांत उतरला. पार खांद्यापर्यंत हात गेला आणि बोटाच्या टोकाला काहीतरी टणक लागलं. दाबलं तर त्यानं ते मागं ओढून घेतलं! खूर होतं ते, आत्याबाई, रेडकाचं खूर! मी किंचाळलेच, "आहे! गाभण आहे! सातवा लागलाय!" साहेबांनी स्वतः हात घालून पाहिलं, माझ्याकडं बघितलं आणि एवढंच म्हणाले, "बरोबर." आबांनी डोक्यावरची टोपी काढली, कुठं ठेवावी ते कळेना, म्हणून म्हशीच्याच पाठीवर ठेवली. "आयला, इकली असती की वो मी हिला!" असं म्हणत ते म्हशीभोवती फिरत राहिले.

घरी आले तर तुम्ही दारातच. मी म्हशीचं सांगायला लागले, तर भांडं मिळालं हे ऐकायच्या आधी तुम्ही विचारलंत, "खूर कसं लागलं गं हाताला?" मी तुमच्या तळव्यावर बोट दाबून दाखवलं आणि झटकन मागं घेतलं. तुम्ही कितीतरी वेळ आपला तळवाच बघत होतात. मग म्हणालात, "म्हंजी त्याच्या आईच्या आदी तूच भेटलीस की त्याला." आज इतक्या वर्षांनीही हाताला खूर लागलं की मला तेच आठवतं.

उद्याच्या वर्गात पोरी आहेत, एकदोन नाही, चांगल्या दोन बाक भरून! त्यातली एक पाबळकडची, नुकतं लग्न झालेली. तिनं साहेबांकडून नंबर घेऊन दुपारी फोन केला. "मॅडम, माझा चुडा अजून नवा आहे, सासूबाई काढू देतील का माहीत नाही." मी म्हटलं, "तू ये तर खरी. आणि सासूबाईंनाही घेऊन ये." दौंडच्या बाजारातला कासार मला ठाऊक आहे. घोंगडीचा उरलेला तुकडा होता, त्याची एक थैली आत्ताच शिवून झाली, तुमच्या थैलीइतकीच वाकडी.

हे पत्र काही कुठं जायचं नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आलेलं पत्र तुम्ही दुसऱ्याकडून वाचून घ्यायच्या, आणि पुढचं दुसऱ्या कुणी मोठ्यानं वाचावं असं मला वाटत नाही. एकदा दुपारी मी गाय बघून आले, थैली पडवीत ठेवली आणि गोठ्याकडं गेले. बादली विसरली म्हणून मागं फिरले, तर तुम्ही पडवीत एकट्या. थैलीतल्या बांगड्या काढून तुम्ही आपल्या डाव्या हातात चढवल्या होत्या. हात जरासा उचललात, हलवलात, त्या वाजल्या, आणि तुम्ही हसलात. मग एकेक काढून नाडी बांधून ठेवलीत. मी भिंतीआड उभी राहिले, बऱ्याच वेळानं खोकले आणि मगच आले. कधी बोलले नाही. पण मी पाहिलं होतं, आत्याबाई. माझ्या हाताला ढिल्या होणाऱ्या त्या बांगड्या तुमच्या हाताला अगदी बेतशीर बसल्या होत्या.