उरलेले आणि उष्टे

मी, खाली सही करणारी, पावभट्टीची मालकीण, डोके ठिकाणावर असताना आणि कुणीही कानाशी लागलेले नसताना, माझ्या माघारी काय कुणाचे ते लिहून ठेवत आहे. गुडघे कामातून गेले आहेत, पण मृत्युपत्राला ते लागत नाहीत असे वकील म्हणाले.

भट्टीवरच्या दोन्ही खोल्या थोरल्या मुलाच्या. त्याला पिठाने शिंका येतात म्हणून तो ऑफिसात गेला, त्याचा मला राग नाही. भट्टी पाडून तिथे गाळे काढायचे मात्र त्याने डोक्यातून काढावे. भट्टी त्याची नाही.

भट्टी, तिची जागा, कणीक मळायचे मशीन आणि पाव भाजायचे सगळे पत्रे धाकट्या सुनेला. धाकटा मुलगा अपघातात गेला तेव्हा माझ्या जाऊबाई चारचौघांत म्हणाल्या, "तो गेला, आता ही उरली. हिचं करायचं काय?" उत्तर इथे देते.

पावाला तुकतुकी यावी म्हणून आम्ही वरून फेटलेले अंडे लावतो. ते थोडे उरतेच, आणि पूर्वी मी ते मोरीत ओतत असे. सुनेने ते बंद केले. बरणीतून लागेल तेवढेच वाटीत काढायचे, ब्रश फक्त वाटीत बुडवायचा. बरणीत राहिले ते उरलेले. त्याला लगेच झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पत्र्याला संपवायचे. वाटीत राहिले ते उष्टे. ते साठवायचे नाही, तव्यावर चांगले शिजवून तिथल्या तिथे खायचे. "आई, उरलं म्हणजे उष्टं नव्हे," ती मला म्हणाली. अंड्याबद्दलच म्हणाली, पण मला दिवसभर जाऊबाईंचे ते 'ही उरली' आठवत राहिले. मला ती फार आवडते. तोंडावर सांगणे जमले नाही, कागदावर जमते आहे.

जाऊबाईंना माझा छोटा फ्रिज द्यावा. मदतीला आल्या की त्या फेटलेले अंडे भट्टीच्या कट्ट्यावर उघडे ठेवून घरी जात, आणि वास आला की म्हणत, "भाजल्यावर कुणाला कळतंय?" मला कळत असे. फ्रिज चालू आहे, सबब चालणार नाही.

सुनेने पुन्हा लग्न केले, आडनाव बदलले, तरी भट्टी तिचीच राहील. थोरल्याने यावरून वाद घालू नये. तो घालणार, म्हणून हे वेगळे लिहिले.

ठिकाण: भट्टीमागची खोली
तारीख: सहीखाली घातली आहे
सही: भट्टीवाली

साक्षीदार
१. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई
२. ~~पिठाची गाडी आणणारा~~ समोरचा चष्मेवाला

खाडाखोडीचा खुलासा: दुसरे नाव मीच खोडले. गाडीवाला पेन उघडून बसला होता. वकिलांनी आधीच बजावले होते, की ज्याला मिळकत मिळते त्याच्या नवऱ्याची किंवा बायकोची साक्ष चालत नाही. मी त्याला थांबवले.

"पण हे कुठे कुणाचे नवरे आहेत?" सून म्हणाली.

"अजून नाहीत," मी म्हटले.

त्याने पेनाला टोपण लावले. ती पत्रे काढायला म्हणून भट्टीकडे गेली. भट्टी आज बंद होती.