सूर्याला उठवणारे बाबा

बिश्केक, ६ मार्च

ती. बुरुलताईस,
एल्दियारचा सा. न. वि. वि. (खरोखर साष्टांग, कारण बटाट्याची पोती उतरवून पाठ धरली आहे.)

पत्रास कारण की तुझा भाऊ लेखक झाला. म्हणजे होत आला. कथासंग्रहाची तपासणीची पानं हातात आलीत. एकदा वाचून खाली सही केली की छपाईचं यंत्र सुरू. फोनवर सांगणार होतो, पण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे तुझ्या अख्ख्या सासराशी बोलायचं, म्हणून पत्र.

आमच्या संपादिका तुर्सुनायबाईंनी माझ्या चुका लाल शाईनं अशा रंगवल्यात की पानांना गोवर आल्यासारखं दिसतं. शाळा मी सोडली की शाळेनं मला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्यावर आमचं अजून एकमत नाही. मुखपृष्ठावर गरुड आहे. पुस्तकात गरुड कुठेच नाही. चित्रकार म्हणाला, गरुडाशिवाय पुस्तक कोण उचलतंय, हवं तर एखाद्या गोष्टीत उडवून घ्या. घेतला. तिसऱ्या गोष्टीत कारण नसताना एक गरुड येऊन जातो. गरुडावरून आठवलं, तलासला राजमा भरायला गेलो होतो तेव्हा ट्रकवाल्याकडे एक मैना होती, ती हुबेहूब हॉर्न वाजवायची. ते पुढच्या वेळी.

तर सगळ्यात झकास गोष्ट तुझ्या सासऱ्यांची! लग्नाच्या जेवणात त्यांना मेंढ्याच्या कमरेचं मानाचं हाड मिळायचं ते खांद्याचं मिळालं, ते त्यांनी रुमालात बांधलं, घोड्यावर बसले, आणि हिवाळाभर त्या गावाशी बोलले नाहीत, ती. पण घाबरू नकोस. मी काही अगदीच कच्चा नाही. खरं नाव एकही ठेवलेलं नाही. सासरच्या थोरांचं नाव तोंडी घ्यायचं नाही म्हणून तू जी नावं पाडली आहेस ना, तीच तुझ्या पत्रांतून उचलली. सासरे 'सूर्याला उठवणारे बाबा', सासू 'कुलपातल्या साखरेच्या आई', दीर 'आडवे भाऊजी'. आता शोधा म्हणावं कोण ते!

तुझा लोभ आहेच, त्यात थोडा अभिमान मिसळून पाठव.
तुझा लेखक भाऊ,
एल्दियार

आक-बुलाक, ११ मार्च

चि. एल्दियारास,
अ. उ. आ. (यातले निम्मे परत घेण्याच्या बेतात आहे.)

अरे गाढवा, माणसानं लपायला जागा शोधावी ती कुठे, तर दवंडी पिटणाऱ्याच्या ढोलात? त्यांचं खरं नाव छापलं असतंस तर एक वेळ निभावलं असतं. त्या नावाची माणसं डोंगराच्या या अंगाला दहा आणि त्या अंगाला वीस मिळतील. पण 'सूर्याला उठवणारे बाबा' असं या पृथ्वीवर एकच तोंड म्हणतं, आणि ते माझं आहे. पहाटे अंगणात येऊन ते असे खाकरतात की कोंबडे दचकतात, म्हणून मी लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात ते नाव ठेवलं. कोणत्या सुनेनं कोणाला काय नाव दिलंय हे झऱ्यावरच्या प्रत्येक बाईला पाठ असतं. म्हणजे गोष्ट तू लिहिलीस आणि चहाडी केली मी, असंच गाव म्हणणार.

आणि सासूबाई! त्यांना मी तोंडावर नुसतं 'साखरेच्या आई' म्हणते. त्या खूश होतात. कुलूप फक्त तुला लिहिलेल्या पत्रात होतं, मेल्या. आडव्या भाऊजींचं काही नाही, त्यांना उठून रागवायचा कंटाळा येईल.

भीती मला बाबांची आहे. ते ओरडत नाहीत, रुसतात. हाडाची गोष्ट तू हसत लिहिलीस, पण तो हिवाळा आठव. त्या गावाला निदान मध्ये नदी तरी होती. मी त्यांच्याच चुलीपाशी राहते. रोज सकाळी चहाची वाटी त्यांच्या हातात मी देते, आणि ती घेताना ते मला 'माझ्या सोन्या' म्हणतात. हे घर मला आपलं वाटायला पुष्कळ दिवस लागले, एल्दियार. ते तुझ्या एका गोष्टीपायी जायला नको.

नावं बदल, नाहीतर गोष्टच काढ. आणि पाठीला मेंढीची चरबी चोळ.

लोभ सध्या टांगणीला लावला आहे, उत्तर आलं की उतरवीन.
तुझी ताई,
बुरुल

बिश्केक, १७ मार्च

ती. ताईस,
मान खाली घालून सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि भाजी बाजारात एका पोत्यावर बसून राहिलो. शेजारी एक म्हातारा वाळवलेले जर्दाळू विकत होता. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, तुझी बहीण बरोबर आहे, आणि जर्दाळू घेणार आहेस का. घेतले. चांगले निघाले, थोडे पाठवतो.

मग नावं बदलायला बसलो. 'पहाटेचे आजोबा' केलं, ते औषधाच्या बाटलीवरचं वाटलं. 'मोठ्या टोपीचे' केलं, तर गावात सगळ्यांच्याच टोप्या मोठ्या. 'खाकरणारे' केलं, ते त्याहून वाईट. तुर्सुनायबाई म्हणाल्या की त्या नावात सुनेची माया आणि सुनेची खोडी दोन्ही आहेत, तुझ्या डोक्यात यातलं एकही नाही, तेव्हा उगाच झटू नकोस. आणि गोष्ट काढली तर काय, विचारलं. तर म्हणाल्या, मग उरलेलं पुस्तक म्हणजे गरुड.

खरं सांगतो ताई, इतकी चांगली गोष्ट मला पुन्हा जमेल की नाही ठाऊक नाही. मी कुठे टिकत नाही, काही पुरं करत नाही. ही एकच पुरी झाली. पण मी घर सोडून भटकतो ते तू एका घरात घट्ट बसली आहेस म्हणून. तेव्हा निकाल तुझा. सगळी पानं आपल्या गाडीवाल्या झाकीरबरोबर पाठवतोय. तू त्या गोष्टीवर फुली मारलीस तर गोष्ट गेली. तुझं उत्तर आल्याशिवाय सही करणार नाही. काळजी नको, पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिलंय : फक्त बुरुलसाठी.

लोभ टांगणीवर वाळून जाण्याआधी उतरव.
तुझा,
एल्दियार

आक-बुलाक, २२ मार्च

चि. एल्दियार यास,
अनेक आशीर्वाद. तब्येत, घोडं, छप्पर ठीक आहे ना? तुझ्याकडे घोडंही नाही आणि छप्परही नाही असं कळतं. तरी विचारायची रीत आहे.

पाकिटावर 'फक्त बुरुलसाठी' लिहिलं की झाकीर ते सरळ माझ्या हातात आणून देणार, एवढं तुला कळायला हवं होतं. सुनेच्या नावाचं पाकीट थोरांना वगळून देणारा गाडीवाला या खोऱ्यात अजून जन्मायचा आहे. चष्मा लावून सगळं वाचलं. गरुड कशाला आला ते समजलं नाही.

आता माझी गोष्ट. घोडी पांढरी नव्हती. घोडा होता, काळा. रागावून निघालेला माणूस पांढऱ्या घोडीवरून जात नसतो. ते हाड मी दाराला टांगलं असं तू लिहितोस. साफ खोटं. कुत्र्याला घातलं. आणि कुत्र्यानंही आधी वास घेऊन माझ्याकडे पाहिलं. हे घाल, लोक हसतील. मी हसलो नाही, पण लोक हसतील.

मात्र एक गोष्ट मला खपली नाही. 'सूर्याला उठवणारे बाबा' हे तू कोणाच्या परवानगीनं घेतलंस? माझ्या आईबापांनी मला नाव दिलं ते सगळ्या जगानं वापरावं म्हणून. ते कचेरीतला कारकूनही ओरडतो, घोडे विकणाराही ओरडतो. हे दुसरं नाव मला माझ्या सुनेनं दिलं. दारातून आली तेव्हा आमच्या घरात लग्नाला आलेल्यांची गर्दी होती, हसू नव्हतं. तिनं मला हाक मारली आणि माझी बायको रुमालाआड हसली. त्या नावानं उद्या बाजारातल्या कोणाही रिकामटेकड्यानं मला हाक मारावी? तू माझी सून आहेस काय? रुमाल बांधून चहा देतोस काय?

माझी टिंगल करायची तर माझ्या नावानं कर. पेन्सिलीनं सगळीकडे खोडून खरं नाव घातलं आहे. सुनेला यातलं काही बोललो नाही. उद्या तिच्याकडून सगळ्यांसमोर वाचून घेणार, ती शिकलेली आहे.

लोभ आहे, पण तो मिळवायला एकदा घोड्यावर बसून ये.
कासिमाली, तोकोचा मुलगा

आक-बुलाक, २४ मार्च

चि. एल्दियारास,
अ. उ. आ., या खेपेला पुरेपूर.

काल दुपारी बाबांनी शेजारपाजार बोलावला. सासूबाईंनी कुलूप उघडून साखर काढली, म्हणजे प्रकरण साधं नव्हतं. मग बाबांनी तुझी पानं माझ्यापुढे ठेवली आणि वाच म्हणाले. मला वाटलं, संपलं. आता सगळ्यांसमोर माझ्याच तोंडून वाचून घेऊन मग रुसणार.

पहिल्या ओळीपाशीच अडकले. मी पाडलेलं नाव खोडलेलं, वर पेन्सिलीनं त्यांचं खरं! आता ते मी घेऊ कसं? मी वर पाहिलं तर बाबा छताकडे पाहत बसलेले, मिशीत काहीतरी दडवल्यासारखे. मग त्यांनीच आपलं नाव असं दणक्यात उच्चारलं की बाहेर कुत्रा भुंकला. आणि मला म्हणाले, पुढे चल, माझ्या सोन्या.

पुढच्या वेळी मी थांबले तेव्हा शेजारच्या काकू ते नाव ओरडल्या. त्यानंतर सगळेच. मी थांबायचं आणि त्यांनी गरजायचं. आडवे भाऊजी उठून बसले, देवाशपथ. घोडीचा काळा घोडा झाला, हाड कुत्र्याकडे गेलं, त्या कुत्र्याच्या जागी तर लोक एकमेकांच्या अंगावर पडले. सासूबाईंचं कुलूपही बाबांनीच आधी खोडून ठेवलं होतं, नुसती साखर राहिली. बायकोशी वाकडं घ्यायची हिंमत त्यांनाही नाही.

शेवटच्या पानावर मी पुन्हा थांबले. पण हसून हसून कोणाला श्वासच उरला नव्हता, कोणी काही म्हणेना. आणि त्या शांततेत सासूबाईंनी चहाची वाटी खाली ठेवली आणि ते नाव घेतलं. हळू. लग्न झाल्यापासून त्यांनी ते एकदाही घेतलेलं नाही, मुलांच्या शाळेच्या कागदावरसुद्धा दुसऱ्यांकडून लिहवून घेतलं.

आणि बाबांनी ओ दिली. शाळेत हजेरीला देतात तशी, ताठ बसून.

सही कर, एल्दियार. पानं झाकीरबरोबर परत पाठवते आहे, पाकिटावर बाबांचं नाव त्यांनीच घातलंय.

लोभ टांगणीवरून उतरवला, दोन्ही हातांनी घे.
तुझी ताई,
बुरुल